नांगराची खबर आणि दुकानाचा पत्ता

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. सायकल विकायची तर गिऱ्हाईकाला आधी ती चालवता यायला हवी, म्हणून ते शिकवायचेसुद्धा. पुढे कडबा कापायचं यंत्र आलं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण शेतकरी हात लावेनात. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. म्हणजे माल तयार, गिऱ्हाईक समोर, आणि मधे एक शंका. ती शंका जाहिरातीत मोठ्या टायपात 'उत्तम नांगर' असं छापून जाणारी नव्हती.

पुढे बेळगाव नगरपालिकेच्या वस्तीवाढीच्या योजनेत कारखान्याची जागा गेली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे सगळं परिचयाचं आहे. मला ज्याबद्दल लिहायचंय ते मात्र दहा वर्षांनंतरचं. १९२० साली या कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' नावाचं एक मासिक निघालं. काढणारे शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे लक्ष्मणरावांचे पुतणे, आपले 'शंवाकि'. हा माणूस मुळात चित्रकार. कारखान्यात जाहिरातीचं काम त्यांच्याकडे आलं आणि त्यांनी जाहिरातीऐवजी मासिकच काढलं! कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाईकांपर्यंत न्यायची, एवढाच मूळ हेतू. पण वाचणाऱ्याला नुसतं यंत्राचं कौतुक किती दिवस वाचवेल? हळूहळू त्यात उद्योगाबद्दलचे लेख आले, गोष्टी आल्या, व्यंगचित्रं आली. १९२९ पासून त्यातली 'खबर' गळाली आणि नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं. १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मध्ये आले. नांगर विकायला काढलेल्या कागदातून मराठी मध्यमवर्गाची दोन पिढ्यांची वाचनाची सवय घडली.

गंमत अशी की सातासमुद्रापलीकडे दुसरा एक नांगरवाला हेच करून बसला होता. अमेरिकेतल्या जॉन डीअर कंपनीने १८९५ मध्ये 'द फरो' नावाचं मासिक सुरू केलं. फरो म्हणजे नांगराची तास. शेतीची माहिती द्यायची, शेतकऱ्याचे प्रश्न घ्यायचे, आणि आपलं यंत्र मागच्या बाकावर ठेवायचं. ते मासिक अजून निघतं. फ्रान्समध्ये १९०० साली मिशलँ या टायरवाल्यांनी गाडीवाल्यांसाठी मार्गदर्शिका छापून फुकट वाटली. पेट्रोल कुठे मिळेल, टायर कसा बदलायचा, राहायचं कुठे. लोक जास्त फिरले की टायर जास्त झिजतील, इतका साधा हिशोब. आज जगातले खानावळवाले ज्या मिशलँच्या तारकांसाठी जीव टाकतात, त्या तारका त्या टायरवाल्याच्या वहीतून आल्या.

हे इतकं सांगायचं कारण म्हणजे आजकाल छोट्या धंदेवाल्यांना महाजालावर धंदा कसा वाढवावा हे शिकवणारे वर्ग जागोजागी भरतात. तिथे गेलं की वाटतं ही कला परवाच अमेरिकेत जन्मली. 'कंटेंट' असा शब्द वापरला की माणूस दबकतो. शंवाकिंना हा शब्द ठाऊक नव्हता, त्यांचं काही अडलं नाही.

आता जालाकडे वळू.

आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमच्या कृपेने. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा मोठ्या शहरांपासून सुरुवात. तासांवर मोजून मिळायचं आणि वर्षाचे पैसे हजारांत. पसरकाराला त्याचा काय उपयोग? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत एक बारीकशी गोष्ट घडली जिचं महत्त्व तेव्हा फार थोड्यांना कळलं. तोवर जालावरचं नाव, म्हणजे ज्याला डोमेन म्हणतात ते, फुकट नोंदवता यायचं. तेव्हापासून नोंदणी करणाऱ्या कंपनीने दोन वर्षांचे १०० डॉलर घ्यायला सुरुवात केली. नावाला किंमत आली. १९९८ मध्ये आयकॅन ही संस्था झाली, पुढच्या वर्षी नोंदणीच्या धंद्यात स्पर्धा आली, आणि दर उतरले. आपलं '.इन' सर्वांसाठी खुलं झालं ते २००५ मध्ये.

नाव घेतलं म्हणजे संकेतस्थळ झालं असं नाही, हे अजून पुष्कळांना सांगावं लागतं. नाव म्हणजे पत्ता. पानं जिथे ठेवायची ती जागा वेगळी घ्यावी लागते, तिचं भाडं वेगळं. आणि त्या जागेत काय मांडायचं हे तिसरं. या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या माणसांकडे असू शकतात. छोट्या धंद्यांची निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. त्याबद्दल पुढे सांगतो.

पानं मांडायची कटकट मिटली ती १९९९ च्या ऑगस्टमध्ये, जेव्हा पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने 'ब्लॉगर' आणलं. २००३ च्या फेब्रुवारीत गूगलने ते विकत घेतलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात मॅट मुलेनवेग आणि माईक लिटल या दोघांनी 'वर्डप्रेस' काढलं. आता लिहिता येणाऱ्या कुणालाही छापखाना मिळाला. मधल्या काळात, २००० च्या ऑक्टोबरमध्ये, गूगलने शोधाच्या शेजारी जाहिराती लावायला सुरुवात केली होती. पहिल्या दिवशी साडेतीनशे जाहिरातदार होते. म्हणजे दोन वाटा एकदमच उघडल्या. पैसे मोजून शोधणाऱ्याच्या समोर उभं राहायचं, नाहीतर असं काही लिहायचं की तो शोधत शोधत आपल्याकडे यावा. गरिबाची वाट अर्थात दुसरी.

२००५ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या एका शिंप्याने ती धरली. थॉमस महॉन हा सॅव्हिल रोवरच्या अँडरसन अँड शेपर्ड या नामांकित पेढीत तयार झालेला कटर. पुढे स्वतंत्र होऊन उत्तरेला कंब्रियात जाऊन बसलेला. हात सोन्याचा, गिऱ्हाईक बेताचं. ह्यू मॅक्लिओड नावाच्या त्याच्या एका मित्राने, हा व्यंगचित्रकार, त्याला लिहायला बसवलं. महॉनने काय लिहिलं तर कोट कसा बेततात, हाताने शिवलेलं आणि यंत्रावरचं यातला फरक कसा ओळखायचा, इतकी किंमत का पडते. दुसऱ्या चांगल्या शिंप्यांची नावंसुद्धा त्याने मोकळेपणी सांगितली. आपल्याकडे एखाद्या शिंप्याने असं केलं तर घरचे त्याला वेड्यात काढतील. पण वाचणाऱ्यांना कळलं की हा माणूस कपड्याबद्दल खरं बोलतो. अमेरिकेतून मागण्या आल्या आणि हा गृहस्थ मापं घ्यायला न्यूयॉर्कला जाऊ लागला.

याहून मला आवडते ती व्हर्जिनियातल्या पोहण्याच्या तलाववाल्यांची गोष्ट. रिव्हर पूल्स अँड स्पाज ही तीन भागीदारांची कंपनी, २००१ मध्ये सुरू झालेली. घराच्या परसात फायबरग्लासचे तलाव बसवून द्यायचे. २००८ साली अमेरिकेत घरांचा बाजार कोसळला. ज्यांची घरंच जायची वेळ आली ते तलाव कशाला खणतील? ठरलेली कामं रद्द झाली आणि २००९ च्या सुरुवातीला कंपनी बुडण्याच्या बेतात आली. मार्कस शेरिडन हा त्यातला एक भागीदार. जाहिरातीला पैसे उरले नव्हते. तेजीच्या दिवसांत ते वर्षाला सुमारे अडीच लाख डॉलर जाहिरातींवर घालत होते.

शेरिडनने काय केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. इतक्या वर्षांत गिऱ्हाईकांनी विचारलेले जेवढे प्रश्न आठवले तेवढे त्याने कागदावर उतरवले आणि दिवसाचं काम आटोपल्यावर रात्री घरी बसून एकेकाचं उत्तर लिहायला घेतलं. प्रत्येक प्रश्नाचं एक पान, आणि पानाचा मथळा म्हणजे तो प्रश्नच. सगळ्यात पहिला प्रश्न, फायबरग्लासचा तलाव कितीला पडतो? आता धंद्यातला अलिखित नियम असा की किंमत आधी सांगायची नाही. 'या, बसा, बघू, तुमच्या जागेवर अवलंबून आहे.' शेरिडननेही जागेवर अवलंबून आहे असंच लिहिलं, पण कशाकशावर, आणि साधारण कितीपासून कितीपर्यंत, हेही लिहिलं. त्या धंद्यात तोवर कुणी लिहिलं नव्हतं. त्यामुळे अमेरिकेत कुणीही किंमत शोधली की याचं पान समोर येऊ लागलं. त्या एका पानावरून आलेल्या गिऱ्हाईकांनी पुढे लाखो डॉलरचे तलाव घेतले, आणि हे त्याला मोजून सांगता येत होतं, कारण कोण कुठल्या पानावरून आलं याची नोंद राहते. नांगराच्या काळात ही सोय नव्हती.

त्याने आणखी एक केलं. फायबरग्लासच्या तलावात दोष काय असतात, यावर पान लिहिलं. काँक्रीटचा तलाव कुणी घ्यावा आणि आमचा कुणी घेऊ नये, हेही. शिवाय आपल्या भागातले इतर चांगले तलाववाले कोण, याची यादी दिली आणि त्यात स्वतःचं नाव घातलं नाही. परिणाम असा की लोक प्रतिस्पर्ध्यांची नावं शोधायचे आणि याच्या दारात येऊन उभे राहायचे! कंपनी वाचली. जाहिरातीचा खर्च पूर्वीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आला. पुढे शेरिडनने २०१७ मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि आता तो इतरांना हेच शिकवतो.

माझ्या मते यात चलाखी फार थोडी आहे. लोखंडाने जमीन नासते का, या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं होतं. तलावाची किंमत काय, याचंही. दोन्ही ठिकाणी गिऱ्हाईकाच्या मनातला प्रश्न विक्रेत्याला आधीपासून ठाऊक होता. अडचण असते ती हीच, की दुकानदार स्वतःच्या संकेतस्थळावर गिऱ्हाईकाचा प्रश्न सोडून बाकी सगळं लिहितो. 'आमची परंपरा', 'आमचं ध्येय', 'ग्राहकांचं समाधान हाच आमचा संतोष'. गोव्यातल्या कितीतरी गेस्ट हाऊसच्या पानांवर समुद्राचे सूर्यास्त दिसतात, पण थिवीं स्टेशनवरून रात्री अकराला उतरलो तर पोचायचं कसं, हे कुठेच सापडत नाही. आणि येणाऱ्याला सूर्यास्ताची खात्री असतेच, चिंता असते ती रात्री अकराची.

असो. आता त्या भांडणाकडे येतो.

१९९४ मध्ये अमेरिकेत जिओसिटीज नावाची सोय सुरू झाली. फुकट पान बांधा, आमच्या वस्तीत राहा. खरोखरच 'वस्ती' म्हणायचे. विषयवार वाडे पाडलेले आणि प्रत्येक पानाला घरनंबर. लाखो लोक तिथे राहायला गेले, त्यात छोटे धंदेवालेही होते. १९९९ मध्ये याहूने ती अख्खी वस्ती सुमारे ३.६ अब्ज डॉलरना घेतली आणि त्याच वर्षी नव्या अटी घातल्या, ज्यांचा अर्थ असा निघत होता की इथे मांडलेल्या मजकुरावर याहूचा हक्क. लोक चिडले, तेव्हा अटी मागे घ्याव्या लागल्या. पण २००९ च्या ऑक्टोबरमध्ये याहूने जिओसिटीज बंदच केली. ज्यांनी आपलं सामान वेळेत हलवलं त्यांचं वाचलं. थोडंफार काही जुनं जपणाऱ्या मंडळींनी उतरवून ठेवलं. बाकी गेलं.

गोंयकाराला हे समजावून सांगायची गरज नाही. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून पिढ्यानपिढ्या राहिलेला मुंडकार आपण पाहिलाय. घर त्याचं, माड त्याने शिंपलेले, पण जमीन दुसऱ्याची, आणि 'उठ' म्हटलं की उठायची भीती. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला संरक्षण दिलं. घर आणि भोवतालची जागा, पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत आणि पालिका क्षेत्रात २०० पर्यंत, विकत घ्यायचा हक्क दिला. अर्ज, सुनावण्या, तारखा यांत किती वर्षं जातात ते सोडा, पण हक्क आहे. जालावरच्या मुंडकाराला असला कुठलाच कायदा नाही.

तिथले भाटकार बदलत राहतात एवढंच. फेसबुकवर धंद्याची पानं काढायची लाट आली. २०१२ मध्ये फेसबुकनेच सांगितलं होतं की पानावरची एखादी नोंद सरासरी १६ टक्के चाहत्यांपर्यंत पोचते. म्हणजे शंभर जण तुमचे म्हणून जोडलेले आणि सोळांनाच तुमचा आवाज ऐकू जाणार. पुढे ते प्रमाण घसरत गेलं आणि २०१८ च्या जानेवारीत झुकरबर्गने जाहीरच केलं की यापुढे घरच्यांच्या आणि मित्रांच्या गोष्टी आधी, धंद्यांच्या नंतर. ऐकू जावंसं वाटत असेल तर पैसे भरा. २०२० च्या जूनअखेर टिकटॉक आपल्याकडे एका रात्रीत बंद झालं आणि त्यावर गिऱ्हाईक जमवलेल्यांचं सगळं तिथेच राहिलं. गूगलने छोट्या दुकानदारांसाठी नकाशावरच्या नोंदीतूनच फुकट संकेतस्थळ बनवायची सोय २०१७ मध्ये दिली होती. २०२४ च्या मार्चमध्ये ती सगळी संकेतस्थळं बंद केली. पत्ता टाकला तर जूनपर्यंत नकाशावरच्या नोंदीकडे वळवत होते, नंतर तेही नाही.

याचा अर्थ तिथे जाऊ नये असा मी काढत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणाऱ्या बाईची जागा तरी कुठे तिची असते? गर्दी तिथे असते म्हणून ती तिथे बसते. फक्त तिचं घर दुसरीकडे असतं आणि नेहमीच्या गिऱ्हाईकांना ते ठाऊक असतं.

माझा एक मावसभाऊ बार्देशात चार खोल्या भाड्याने देतो. पाहुणे मोठ्या आरक्षण कंपन्यांकडून यायचे आणि पंधरा टक्क्यांच्या आसपास दलाली कापली जायची. म्हणून काही वर्षांपूर्वी त्याने एका ओळखीच्या माणसाकडून स्वतःचं संकेतस्थळ करून घेतलं. पाटीवर, कार्डावर, रिक्षांच्या मागे पत्ता रंगवला. तीन वर्षांनी तो करून देणारा धंदा गुंडाळून परदेशी गेला, फोन उचलेना, आणि एका सकाळी त्या पत्त्यावर भलतंच काहीतरी दिसू लागलं. "अरे, नाव माझ्या आईचं, पाटी माझी, पैसे मी भरले, मग पत्ता त्याचा कसा?" तो मला विचारत होता.

जमिनीचा वाद घेऊन कुणी आलं की मी आधी एक-चौदाचा उतारा मागतो. कुणाच्या नावावर आहे ते बघू, मग बोलू. जालावरच्या नावाचीही अशी नोंदवही असते. तिच्यात नोंदणी कधीची, कधी संपते आणि कुणाच्या नावे, ते असतं. हल्ली खासगीपणाच्या नियमांमुळे धारकाचं नाव बऱ्याचदा झाकलेलं असतं, पण ज्याने पैसे भरून नोंदवलं त्याच्या खात्यात ते दिसतं. मावसभावाच्या जुन्या पावत्या काढल्या तर त्यात 'वेबसाइट खर्च' एवढीच ओळ. नाव त्या माणसाने स्वतःच्या खात्यात नोंदवलं होतं. मुदत संपली, त्याने नूतनीकरण केलं नाही, सवलतीचे दिवसही उलटले आणि नाव मोकळं झाल्यावर कुणीतरी उचललं. यात चोरी कुठेच नाही, म्हणूनच दाद मागायलाही जागा नाही.

खरं तर हे नाव कधीच पूर्ण आपल्या मालकीचं होत नाही. कोमुनिदादीची जमीन आफ्रामेंतावर घेतल्यासारखं ते आहे. वर्षाचा फोर भरत राहिलात तर तुमच्याकडे. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा भरता येतो. पण नोंद आपल्या नावे, खातं आपल्या इमेलवर, आणि तो इमेल मुलाच्या कॉलेजच्या पत्त्याचा नको, एवढं पाहिलं तरी निम्मी भांडणं मिटतात. २०१४ पासून '.भारत' आल्याने पत्ता देवनागरीतही घेता येतो. घेणारे फार दिसत नाहीत. लोकांना फोनवर नाव टंकायचं असतं ते रोमनमध्ये, तिथे अभिमान चालत नाही.

मावसभावाने नवं नाव घेतलं. या वेळी स्वतःच्या खात्यात. पानं त्याच्या मुलीने मांडली, आणि मजकुरासाठी मी त्याला त्याच्या फोनमधले जुने निरोप चाळायला लावले. पाहुणे काय काय विचारतात ते लिहून काढ म्हटलं. एकवीस प्रश्न निघाले. त्यातले चार वेगवेगळ्या शब्दांत एकच होते, जूनमध्ये समुद्रात पोहता येतं का? त्याला हे पान लिहायचं नव्हतं. 'नाही' लिहिलं तर पावसाळ्यात कोण येईल, असं त्याचं म्हणणं. शेवटी लिहिलं की पोहता येत नाही, समुद्र खवळलेला असतो, जीवरक्षक पाण्यात उतरू देत नाहीत. आणि खाली लिहिलं की त्या दिवसांत इथे काय असतं. भरलेली शेतं, परसातली अळ्याची भाजी, मासेमारी बंद म्हणून जेवणात सुकं बांगडं, आणि दिवसातून दोनदा जाणारी वीज.

सर्वात जास्त तेच पान वाचलं जातंय, असं मुलगी सांगत होती. यंदा जुलैमध्ये चारपैकी तीन खोल्या भरल्या होत्या. नूतनीकरणाची तारीख त्याने कालनिर्णयवर चवथीच्या चौकोनाशेजारी लाल शाईने लिहून ठेवलीय.